कवाही येणारं विमान

संघपाल लोणारे हा खोटं बोलणाऱ्यांतला माणूस नव्हता. पाचपावलीत कोणालाही विचारा. शाळेत खिडकीची काच दुसऱ्याच कोणी फोडली तरी मास्तरांनी डोळे वटारले की हाच रडायला लागायचा, इतका सरळ. आता लबाड माणूस शंभरदा खोटं बोलला तरी घराचं फारसं बिघडत नाही, कारण त्याच्यावर कोणी विसंबूनच राहत नाही. सरळ माणूस एकदा बोलला की मात्र पंचाईत. संघपालवर सगळं घर विसंबून होतं.

तो ते खोटं बोलला जेवताना. धम्मचक्र दिनाची गर्दी ओसरली होती, रामटेककडून आलेले मामा-मामी परत गेले होते, आणि सिंधूताईंनी, म्हणजे त्याच्या आईने, पोराच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं होतं. पोरगा आता निघणार होता. कुठे, तर दक्षिण ध्रुवावर. लोकांची पोरं पुण्याला जातात, फार तर अमेरिकेला जातात. हा निघाला पृथ्वीच्या पार टोकाला. तिथे बर्फावर एक अगडबंब दुर्बीण आहे, ती हिवाळाभर चालवायला दोन माणसं लागतात, त्यांतला एक हा. सिंधूताईंना दुर्बिणीशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती.

"अन् काही झालं तं?"

"काय होते?"

"तुले काही होईन, नाहीतं आमाले काही होईन. माणसाचं काय सांगून येते का?"

याचं खरं उत्तर असं होतं: फेब्रुवारीच्या मध्याला शेवटचं विमान उडालं की पुढचा सगळा हिवाळा, म्हणजे तिथला हिवाळा, थेट नोव्हेंबरपर्यंतचा, तिथे विमान उतरत नाही. थंडी अशी की विमानातलं इंधन घट्ट व्हायला लागतं, आणि सहा महिने नुसती रात्र. घरी कोणाचं काही होवो, तुम्ही तिथे अडकलात ते अडकलात. संघपालला हे तोंडपाठ होतं. त्यावर सही करूनच तो घरी आला होता. पण तव्यावरच्या भाकरीजवळ आईचा हात थांबलेला त्याने पाहिला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "विमान असते ना. फोन केला का येते."

"कवाही?"

"कवाही."

सिंधूताईंचा हात पुन्हा चालायला लागला. समोर जेवायला बसलेले कवडूजी, त्याचे वडील, मान हलवून म्हणाले, "मी काय म्हणलो होतो? एवढा खर्च करून माणसं नेते, तं विमान नाही ठेवणार का?" संघपालने मुकाट्याने भाकरी मोडली. त्याला वाटलं, आईच्या जिवाला घोर नको, एवढंच तर बोललो. एका वर्षात काय आभाळ कोसळतं?

कवडूजींनी उभा जन्म लकडगंजातल्या आरामशीनवर काढलेला. लाकूड चिरता चिरता कान गेले, उजव्या हाताचं एक बोट गेलं, आणि आवाज एवढा मोठा झाला की त्यांनी घरात पाणी मागितलं तर शेजारचे चंपतराव तांब्या घेऊन येत. पोरगा नागपुरातच शिकला, मग नारायणगावकडच्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला लागला, तिथून परदेशी गेला, यातलं त्यांना नीट काही उमगलं नव्हतं. पण छाती अशी फुगलेली की विचारू नका. रोज सकाळी टपरीवर चंपतरावांना धरून बसायचे.

"चंपत, माझा पोट्टा आकाश पाहते."

"आकाश तं मीबी पाहतो."

"तू डोळ्यानं पाहते. जे डोळ्याले दिसत नाही ते तो पाहते."

चंपतराव चहा फुंकत म्हणायचे, "मंग त्याले माझी हरवलेली सायकल पाहाले लाव." सगळी टपरी हसायची आणि कवडूजी सगळ्यांत मोठ्याने.

कवडूजी काही चूक सांगत नव्हते. उजेडाचे नाना प्रकार असतात. आपला डोळा त्यातला जरासाच घेतो. एक प्रकार असा, की ज्याची लाट जेमतेम मिलिमीटरभर लांब. विश्व तान्हं असताना जो उजेड निघाला तो वाटेत थकत, ताणला जात, असा होऊन अजून येतोच आहे. पण हवेतली वाफ त्याला गिळून टाकते. नागपूरच्या श्रावणात ही दुर्बीण लावली तर तिला काळं कुत्रं दिसायचं नाही. म्हणून ती नेऊन ठेवली जगातल्या सगळ्यांत कोरड्या, सगळ्यांत थंड जागी. तिथली ओलच गोठून खाली पडलेली असते.

काम म्हणाल तर दुर्बीण चालती ठेवायची, बस. ऐकायला सोपं. तो भला मोठा आरसा आभाळाच्या एका तुकड्यावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहतो, वावरात वखर फिरतो तसा, न थांबता. त्याच्या पोटातले संवेदक इतके गार ठेवावे लागतात की बाहेरची उणे सत्तरची थंडी त्यांच्यापुढे उन्हाळा म्हणायची. कारण जरा ऊब असलेली वस्तू स्वतःच त्या उजेडात चमकते, आणि मग दुरून आलेला बारीकसा उजेड त्यात बुडून जातो. त्यासाठी हेलियमची यंत्रं सतत धडधडत असतात. आतला गारवा सरत आला की गार करायचा फेरा पुन्हा पहिल्यापासून लावायचा. तो चुकला की दुर्बीण आंधळी. वर आरशावर बर्फाचा भुगा साचतो, तो मऊ झाडूने झाडायचा, तोही हळूच, आरसा ओरखडला तर गेलं सगळं. वंगण घट्ट होतं, मोटर कुरकुरते, रात्री घंटी वाजते, उठून जायचं. राहायच्या स्टेशनपासून दुर्बिणीपर्यंत बांबूंना झेंड्या लावलेल्या असतात. वारा सुटला की पुढची झेंडी दिसेपर्यंत मागची सोडायची नाही. पापण्या एकमेकींना चिकटतात. त्या बोटांनी सोडवायच्या, आणि बोटं बाहेर काढायची सोय नाही.

खरं सांगायचं तर संघपालला ते आवडलं होतं. कोणी जात विचारत नाही, आडनाव ऐकून गप्प होत नाही. जोडीदार कॅनडाचा, अबोल पण भला माणूस. यंत्र नीट चाललं की तुम्ही चांगले, नाही चाललं की वाईट, मामला साफ. तो मेघाला, त्याच्या धाकट्या बहिणीला, फोनवर म्हणायचाही, "इथं आलं का डोकं धुतल्यावानी वाटते."

इकडे जानेवारीत कवडूजींचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ असेल म्हणून झाडपाला झाला, मग डॉक्टर झाला, मग मोठ्या मशिनीतला फोटो झाला, आणि पोटात गाठ निघाली. डॉक्टर चांगला होता, त्याने लपवलं नाही. औषधं लागू पडली तर वर्षभर, नाही तर सांगता येत नाही, म्हणाला. मेघा सीताबर्डीला कपड्यांच्या दुकानात हिशेबनीस. ती अर्धा दिवस सुट्टी काढून बापाला घेऊन गेली होती. परतताना ऑटोतच तिने मोबाईल काढला.

"कोणाले लावून राहिली?"

"दादाले."

"ठेव तो." कवडूजींनी तिचा हात धरला. "पोट्टा आताच गेला तिकडं. अजून काम हाती नाही लागलं त्याच्या. आता सांगशीन तं रडत वापस येईन, अन् जन्मभर लोक म्हणन, लोणाऱ्याचा पोरगा जाऊन पळून आला."

"पण बाबा..."

"जास्त झालं तं बोलावू ना. विमान आहे न त्याच्यापाशी. कवाही येते म्हणला तो."

आता मेघा काही अडाणी नव्हती. मोबाईलवर दोन शब्द टाकले असते तर सगळं समोर आलं असतं. पण भावाने स्वतः सांगितलेली गोष्ट कोणी पडताळून पाहतं का? तिने मोबाईल पर्समध्ये टाकला. घरी गेल्यावर सिंधूताईंनाही हेच ठरवून सांगितलं. आणि या घराची रीतही तीच. दूर असलेल्या माणसाला दुःखाची बातमी द्यायची नाही, तो बिचारा तिथे एकटा काय करणार. आजी गेली तेव्हा मुंबईच्या काकाला तब्येत जरा नरम आहे म्हणूनच बोलावलं होतं. मायेपोटी बोललेल्या खोट्याला आपल्याकडे कोणी खोटं म्हणत नाही.

शेवटचं विमान निघायच्या आदल्या दिवशी संघपालने घरी फोन लावला. ध्रुवावर त्या दिवशी सगळेच लावतात. त्यानंतर दार बंद होतं ना.

"सगळं बरं आहे न?" त्याने विचारलं. मग पुन्हा विचारलं, "खरंच बरं आहे न, मेघा?"

कवडूजी खाटेवर बसून तिच्याकडेच पाहत होते. "मस्त आहे दादा," मेघा म्हणाली. "बाबा टपरीवर जाऊन भांडून राहिले रोज."

दुसऱ्या दिवशी विमान उडालं. मागे राहिलेले सगळे बर्फावर उभे राहून हात हलवत होते. त्या विमानात एक जागा रिकामी होती. संघपालला ती दिसलीही होती.

मार्चमध्ये सूर्य क्षितिजावरून घरंगळत घरंगळत खाली गेला. स्टेशनच्या खिडक्यांना पुठ्ठे लावले, आतला उजेड बाहेर जाऊन दुसऱ्यांच्या उपकरणांना त्रास नको म्हणून. दुर्बीण झकास चालली होती. आणि एप्रिलमध्ये एकदा उपग्रह वर असताना, घरचा फोन तिथे तेवढ्याच वेळात लागतो, मेघाचा फोन आला. नेहमीसारखं हवापाणी विचारलं नाही तिने.

"दादा, तुले एक सांगाचं होतं. बाबानं नको म्हणलं होतं म्हणून नाही सांगितलं."

तिने सगळं सांगितलं. औषधं लागू पडली नव्हती. कवडूजी आता धरल्याशिवाय उठत नव्हते. "तू ये आता. विमान बोलव."

"कवापासून आहे हे?"

"जानेवारीपासून."

"मी तुले विचारलं होतं, मेघा. दोनदा विचारलं होतं."

"बाबा समोर बसून होते. म्हणे, लागलं तं विमान आहेच."

हीच वेळ होती. इथे संघपालने तोंड उघडायचं होतं. विमान नाही गं बाई, कधीच नव्हतं, मी आईला बरं वाटावं म्हणून बोललो, एवढंच म्हणायचं होतं. बहिणीने शिव्या घातल्या असत्या, आई रडली असती, बापाने समजून घेतलं असतं. बापाला तरी कळलं असतं की पोराची भेट आता फोनवरच, जे बोलायचं ते बोलून घ्यावं. पण "पाहतो," तो म्हणाला. "विचारतो इथं." तेवढं तरी खरं व्हावं म्हणून तो स्टेशनच्या व्यवस्थापक बाईंकडे गेलाही. उत्तर त्याला माहीत होतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याच्या हातात कॉफी दिली, आणि स्टेशनवरचंच कोणी मरायला टेकलं तर कधी प्रयत्न होतो, तोही नशिबाने साधला तर, एवढं सांगितलं. नागपूरच्या बापासाठी नाही.

तिथून पुढे खोट्याला रोज नवा टाका. घरी काय सांगितलं? हवा खराब आहे. हवा सुधरली की विमान येतं.

कवडूजींनी ते टपरीवर कळवून टाकलं. टपरीच आता घरी येत होती, चंपतराव सकाळी थर्मासमध्ये चहा घेऊन यायचे आणि विचारायचे, "काय म्हणते विमान?" कवडूजी म्हणायचे, "हवेचं अडलं आहे." रोज सकाळी ते मेघाकडून दाढी करून घेत. धुतलेला पांढरा सदरा घालून उशीला टेकून बसत. कूलर सुरू, पण तोंड कूलरकडे नाही, दाराकडे. सिंधूताई म्हणायच्या, जरा पडा, तर ऐकायचे नाहीत. पोरगा थेट विमानतळावरून येईल, त्याला बाप लोळत पडलेला दिसायला नको.

मेघा हे सगळं फोनवर भावाला सांगायची. त्याला आनंद होईल असं तिला वाटायचं. तो ऐकायचा आणि मग झेंड्यांच्या ओळीने दुर्बिणीकडे चालत जायचा. जेवण जाईना त्याला. एकदा हातमोजा काढून तसाच बोल्ट आवळत बसला आणि दोन बोटांची टोकं पांढरी पडली. जोडीदाराने ओढून आत नेलं नसतं तर बोटं गेलीच होती. घरी त्यानेही हे सांगितलं नाही. पोटात एक आणि ओठांत एक, हा आता त्या घराचा दोन्हीकडून धर्मच झाला होता.

मे लागल्यावर एकदा कवडूजींनी स्वतः फोन मागून घेतला. आवाज बसला होता. तेवढा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"संघ्या, तुले तिकडं काही दिसलं का गा?"

"दिसते बाबा. नकाशा होऊन राहिला."

"कायचा?"

"सगळ्याच्या आधीचा."

"म्हणजे? माझ्या आज्याच्याबी आधीचा?"

"तुमच्या आज्याच्या, त्याच्या आज्याच्या, चंद्र-सूर्याच्याबी आधीचा."

आवाज इतक्या लांबून जायचा-यायचा की गप्प बसलेला माणूस आणि अडकलेली लाइन यातला फरक कळत नसे. मग कवडूजी म्हणाले, "हे तू आल्यावर सांगजो मले. समोर बसून. फोनवर ऐकू नाही येत, कान कुठी राहिले माझे."

"बाबा, आता सांगतो ना. मोठ्यानं सांगतो."

"नाही, नाही. आल्यावर. काय घाई आहे?" आणि त्यांनी फोन मेघाच्या हातात दिला.

संघपाल तिथेच बसून राहिला. बाप शेवटचं ऐकायला तयार होता, पोरगा सांगायला तयार होता, आणि मधे ते विमान उभं होतं, जे नव्हतंच. त्याने ठरवलं, उद्या सांगून टाकू. उद्या उपग्रहाच्या वेळात आरशावर बर्फ चढला. परवा बाबा झोपले होते. चांगल्या कामाला मुहूर्त लागत नाही म्हणतात. वाईट कबुलीला मात्र तो कधी सापडत नाही.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागला आणि कवडूजी गेले. सकाळी दाढी झाली होती.

संघपाल आरसा झाडून परत आला तर संगणकावर मेघाच्या दोन ओळी होत्या. त्याने स्टेशनचा उपग्रह-फोन लावला. उचलला सिंधूताईंनी. आवाज कोरडा, कामाच्या माणसाचा.

"आला का फोन? ऐक. फ्रीजरची पेटी आणली आहे. मघा लाइट गेली होती तं चंपतरावानं जनरेटर लावून देल्लं. तुझे मामा आले रामटेकहून. सगळे म्हणते आजच न्या, ऊन खूप आहे, पेटीचा भरवसा नाही. मी म्हणलं नाही. पोरगा येऊन राहिला. बापाचं तोंड पाहिल्याशिवाय मी कोणाले हात लावू देत नाही." मग जरा थांबून, "किती दिवस ठेवाचं, तेवढं सांग. तीन दिवस, चार दिवस? तसं पेटीवाल्याले सांगतो मी."

ध्रुवावर उणे सत्तर होतं आणि पाचपावलीत पंचेचाळीस. बापाचं प्रेत पेटीत ठेवून आई त्याच्या शब्दावर उभी होती. सगळ्या नातलगांशी भांडून उभी होती. आता 'हवा खराब आहे' म्हणून चालणार नव्हतं.

"आई, नको ठेवू."

"काहून?"

"मी येत नाही. विमान येत नाही, आई. हिवाळ्यात येतच नाही इथं. नोव्हेंबरपर्यंत नाही येत. तवा जेवताना मी खोटं बोललो. तुले घोर नको म्हणून."

त्याने वाट पाहिली. लाइन गेली असं त्याला वाटलं, पण मागे पेटीची घरघर ऐकू येत होती, कोणी तरी बाई रडत होती, कोणी पाणी मागत होतं. लाइन ठीक होती.

"म्हणजे तो माणूस," सिंधूताई हळू म्हणाल्या, "रोज दाढी करून बसे."

"आई..."

"तुले माहीत होतं. तो बसून राहे, अन् तुले माहीत होतं."

सिंधूताईंनी फोन कानापासून दूर केला. त्या मागे वळून जे बोलल्या ते त्याला स्पष्ट ऐकू आलं.

"उचला."

मेघाने फोन घेतला. तिने तो बंद केला नाही. संघपालने त्रिशरण ऐकलं, पंचशील ऐकलं. अंगणातल्या बायांचा एकदम उठलेला आवाज ऐकला, आणि मग फोन आपोआप तुटला.

फेरा लावायची वेळ झाली होती. जोडीदार म्हणाला मी जातो, तू पड. संघपालने ऐकलं नाही. तो गेला, हेलियमचे आकडे पाहिले, फेरा लावला, आणि त्या धडधडत्या यंत्रांच्या खोलीत भिंतीला टेकून रडला. तिथे कोणाला ऐकू जात नव्हतं म्हणून मोठ्याने रडला. दुर्बीण वर फिरतच होती. त्या वर्षीचा नकाशा फार चांगला झाला, असं नंतर सगळ्यांनी त्याला कळवलं.

नोव्हेंबरात तो नागपूरला उतरला तेव्हा मेघा घ्यायला आली होती. मेट्रोत दोघं शेजारी बसले. स्टेशनं येत होती, जात होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "खोटं तं मीबी बोलली, दादा. तू विचारलं तवा मी सांगितलं असतं तं तू त्या विमानात बसला असता."

"बसलो असतो."

"तुझं एकट्याचं खोटं असतं तं निभलं असतं. माझं एकटीचं असतं तरी निभलं असतं."

दोघांनी एकमेकांच्या मायेवर भरवसा टाकला आणि मधल्या मधे बाप गेला. त्याने विचारलं, शेवटी काही म्हणाले का. मेघा म्हणाली, "हवा सुधरली का, असं विचारलं. मी हाव म्हणलं."

सिंधूताईंनी दारात पाण्याचा तांब्या पुढे केला. बोटांवरचे डाग पाहिले, काही विचारलं नाही. त्या ओरडतील, चार लोकांत पाणउतारा करतील, या तयारीने तो आला होता. तसं झालं असतं तर बरं होतं. त्यांनी जेवायला वाढलं, अंथरूण घातलं. भिंतीवर कवडूजींचा पांढऱ्या सदऱ्यातला फोटो होता. त्याच्यासमोर बसून संघपालने एका दुपारी नकाशाचं सगळं सांगायला घेतलं होतं, पण दोन वाक्यांच्या पुढे त्याला जाता आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यासाठी बोलावणं आलं. त्याने नाही कळवलं. "आई, मी आता कुठी जात नाही," तो म्हणाला. सिंधूताई "बरं" म्हणाल्या आणि संध्याकाळी मेघाला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच नाही जात का तो? तू त्याच्या मोबाईलात पाहून सांग."

आता तो नागपुरातच असतो. दवाखान्यांतल्या त्या मोठ्या एमआरआय मशिनींना हेलियम लागतो, ते काम त्याला येतं. कधी चंद्रपूर, कधी गोंदिया, कधी यवतमाळ, सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत. लग्नाचं म्हणाल तर तो विषय कोणी काढत नाही. निघताना आई विचारते, कवा येशीन. तो सांगतो, सात वाजता. आणि येतोही सातला, एक मिनिट मागेपुढे नाही. वर्षं झाली, त्याने सांगितलेली वेळ चुकवलेली नाही. कधी गाडीला उशीर होईलसं वाटलं तरी वाटेतून तीनदा फोन करतो.

परवा मेघा माहेरी आली होती. दिवेलागणीला संघपालचा फोन आला, कळमेश्वर नाका ओलांडला, अर्ध्या तासात पोचतो. मेघाने स्वयंपाकघरात येऊन पाहिलं तर वरण झालं होतं, भाजी झाली होती, आणि धुतलेले तांदूळ तसेच पातेल्यात होते.

"आई, भात टाक ना. दादा येऊन राहिला, आताच बोलला तो."

सिंधूताईंनी गॅसकडे हात नेला नाही. पदराला हात पुसून त्या दाराकडे तोंड करून पाटावर बसल्या.

"दिसू दे आधी," त्या म्हणाल्या.